टांगलेल्या घोंगडीची साक्ष

मित्रांनो, नाक मुरडायचं असेल तर आत्ताच मुरडून घ्या. मी एक जुनी घोंगडी आहे आणि माझ्या अंगाला मेंढरांचा वास येतो. येणारच! मेंढरांच्याच अंगावरून उतरले आहे मी. मला तीन लाख लोकांनी मोबाइलवर पाहिलं. मोबाइलमधून वास जात नाही, म्हणून मी त्यांना आवडले. काहींनी तर विचारलं, 'ताई, मागची शाल कुठून घेतली?' शाल म्हणे! अजून आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो, आणि माझ्या अंगावर आधीच काटे कमी आहेत का?

माझी कथा एका गेमची कथा आहे. तो गेम कधी झालाच नाही. पण त्याच्यासाठी माझी आण घेतली गेली, म्हणून मला बोलणं भाग आहे. कुणाला झोंबलं तर झोंबू दे.

माझा जन्म आटपाडीच्या बाजूचा. हरिबा नावाच्या मेंढक्याचा काळ्या मेंढरांचा कळप होता. त्याने लोकर कातरली. त्याच्या बायकोने, रंगुबाईने, कळपामागं चालता चालता टकळीवर सूत काढलं. गावच्या सनगराने ते मागावर विणलं, चिंचोक्याची खळ पाजली आणि मला उन्हात वाळत घातलं. पहिल्या वर्षी मी एवढी ताठ होते की भिंतीला टेकवली तर उभी राहायचे. तो ताठा अजून गेलेला नाही, हे तुम्हाला कळलंच असेल.

तीस वर्षं मी हरिबाच्या खांद्यावर होते. पावसात त्याच्या डोक्यावरची खोळ मीच, थंडीत पांघरूण मीच. वाटेत मेंढी व्याली तर ओलं कोकरू माझ्यातच गुंडाळायचे. पण माझा खरा मान वेगळाच होता, आणि तो नीट ऐका, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

दिवाळीनंतर हरिबा कळप घेऊन कृष्णाकाठाकडं निघायचा. रहिमतपूरला भाऊसो नावाचे शेतकरी होते. त्यांच्या मोकळ्या रानात तो आठ रात्री मेंढरं बसवायचा. मेंढरं बसली की रानाला खत मिळतं आणि मेंढक्याला धान्य मिळतं. या व्यवहाराला कागद नाही, सही नाही. हरिबा मला बांधावर अंथरायचा, दोघं माझ्यावर बसायचे, मध्ये बिरोबाचा भंडारा ठेवायचे, आणि काय ते बोलायचे. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नाही, ही हरिबाच्या घरची रीत. एका वर्षी भाऊसोंनी सहज विचारलं, "मेंढरं बरी हाईत न्हवं?" हरिबा म्हणाला, "न्हाई. दोन मेंढरांना देवी आल्यात. तुमची शेरडं लांब ठेवा." झालं! त्या वर्षी त्याला रान मिळालं नाही. रंगुबाई त्याच्यावर चार दिवस चिडली होती. पण पुढच्या वर्षी भाऊसो स्वतः मोटारसायकलवरून आले आणि म्हणाले, "हरिबा, तुमच्याशिवाय रानात कुणाला बसू देनार न्हाई." तेव्हापासून बावीस वर्षं त्या रानात दुसऱ्या कळपाचा खूर पडला नव्हता.

हरिबाची नात उत्कर्षा. शाळेला सुट्टी लागली की ती कळपाबरोबर यायची आणि माझ्यावर पालथी पडून आज्जाला प्रश्न विचारून हैराण करायची. एकदा तिने विचारलं, "आज्जा, वढा वलांडताना पयलं कुटलं मेंढरू घालायचं? जे भेत न्हाई ते?"

"जे भेत न्हाई ते न्हवं," हरिबा म्हणाला. "ज्याच्या मागनं बाकीची जात्यात ते. त्याला म्होरकी म्हंत्यात. म्हनून म्होरकीला आदी पानी दाखवायचं."

डोंगर, ओढे, वाटा, कुठं थांबायचं, कुठं वळायचं, हे सगळं त्या पोरीच्या डोक्यात तिथंच भरलं. पुढे ती सांगलीला इंजिनिअरिंग शिकली, आणि संगणकावर डावपेचांचे गेम खेळून त्यांचे व्हिडिओ करू लागली. तिच्या चॅनेलचं नाव 'उत्कर्षाचा डाव'. मोठमोठ्या सैन्यांना ती असं हाकायची की बघत राहावं. लोक विचारायचे, एवढं कुठं शिकलीस? ती सांगायची, मेंढरांमागं.

विश्रामबागेतल्या तिच्या खोलीत आवाज घुमायचा. आवाज शोषणारे फोम महाग. मग हरिबाने नवी घोंगडी घेतल्यावर रंगुबाईने तिला थंडीला म्हणून दिलेली मी तिला आठवले. तिने चार खिळे ठोकले आणि मला भिंतीवर टांगलं. खरं सांगू? मला ते आवडलं नाही. अंथरायच्या वस्तूला टांगणं म्हणजे पाटीलकी काढून पुतळा करण्यासारखं आहे. पण आवाज मात्र मी असा शोषला की ऐकणारे खूश झाले. "काय आवाज आलाय गं! ही घोंगडी लकी आहे तुझी," सौमित्र म्हणाला.

हा सौमित्र साताऱ्याचा. त्याचंही गेमचंच चॅनेल होतं, उत्कर्षाच्या चौपट मोठं. पोरगा वाईट नव्हता, पण त्याच्या जिभेला लगाम नव्हता. साध्या गेमला 'भारी', भारी गेमला 'इतिहास घडणार', आणि ज्याची जाहिरात मिळेल त्याला दोन्ही.

त्याच्याकडूनच 'घाटवाट' आला. सह्यकडा स्टुडिओ नावाची एक मंडळी हा गेम करणार होती. सह्याद्रीतले घाट, बैलांचे तांडे, गड, चौक्या, सगळं आपल्याकडचं. गेम अजून व्हायचा होता. जत्रेला वर्गणी काढतात तशी लोकांकडून आधी वर्गणी, मग गेम. ठरलेल्या दिवसापर्यंत ठरलेली रक्कम जमली तरच काम सुरू. आणि लोकांना सांगायचं कुणी? तर या व्हिडिओवाल्यांनी. सौमित्रला गेममध्ये त्याच्या नावाचा बुरूज मिळणार होता. उत्कर्षाला काय देऊ केलं असेल? 'हरिबाचा कळप'. गेममध्ये खराखुरा कळप, काळी मेंढरं, खांद्यावर घोंगडी टाकलेला म्हातारा. ते चित्र पडद्यावर बघून पोरीच्या डोळ्यांत पाणी आलं. तिला पैशांनी कुणी हलवू शकलं नसतं, मित्रांनो, पण आज्जाच्या मायेनं ती विरघळली. माया हेरून गळ टाकणारे लोक असतात, हे मला त्या दिवशी कळलं.

मुदत संपायला तीन दिवस राहिले आणि वर्गणी कमी पडत होती. सौमित्र साताऱ्याहून सांगलीला आला. दोघांनी मिळून शेवटचा व्हिडिओ करायचा होता.

"'छान दिसतोय', 'चांगला होईल' असलं बोललीस तर कोण ऐकणार?" तो म्हणाला. "सरळ सांग, मी खेळले."

"पण मी खेळले नाहीये. मी तीनदा गेम मागितला, त्यांनी नुसता चार मिनिटांचा व्हिडिओ पाठवला."

"पुढच्या आठवड्यात खेळशीलच की. तू फक्त आठवडाभर आधी बोलतेयस, एवढंच."

उत्कर्षाने वळून माझ्याकडे पाहिलं. "घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नसतं आमच्यात," ती हसत म्हणाली. पण ते हसू खरं नव्हतं.

"मग तू कुठं बसलीयस तिच्यावर? ती तर मागं टांगलीय!"

या पळवाटेवर ती पोरगी भुलली! शिकलेली, हुशार, हजार सैन्यांचे डाव ओळखणारी. कॅमेरा सुरू झाला. तिने हात मागं करून मला दाखवलं आणि म्हणाली, "ही माझ्या आज्जाची घोंगडी. आमच्या घरात हिच्यावर बसून कुणी खोटं बोलत नाही. मी सांगते, 'घाटवाट' मी खेळलेय. लय भारी झालाय. बिनधास्त वर्गणी द्या."

मी ओरडू शकले नाही. त्या खोलीत माझं काम आवाज गिळायचं होतं, पण तो आवाज काही मला गिळता आला नाही. तो तीन लाख मोबाइलांत गेला. एका दिवसात वर्गणी पुरी झाली. सौमित्रने पेढे वाटले, आणि एक पेढा मला दाखवून म्हणाला, "हिच्यामुळं झालं." तेव्हा माझ्या अंगाची लाहीलाही झाली.

पुढचं तुम्ही ओळखलं असेलच. आधी महिन्याला पत्र यायचं, 'काम जोरात सुरू आहे'. मग 'तांत्रिक अडचण'. मग 'थोडा धीर धरा'. वर्षभरात पत्रं बंद झाली, मग वेबसाइट बंद झाली, आणि एके दिवशी स्टुडिओने चार ओळींत कळवलं की पैसे संपले, माणसं गेली, गेम होणार नाही. माझ्या नावाची एक म्हण आहे ना, भिजत घोंगडं? तसंच त्यांनी लोकांना वर्षभर भिजत ठेवलं आणि शेवटी तोंडाला पानं पुसली.

मग व्हिडिओवाल्यांची पळापळ बघायला हवी होती! काल 'इतिहास घडणार' म्हणणाऱ्यांनी रातोरात आपले व्हिडिओ काढून टाकले. सौमित्रचा फोन आला, "तुझा पण काढ. लोक दोन महिन्यांत विसरतात." तिने व्हिडिओ काढला नाही, पण ठेवायची छातीही झाली नाही. तो कुणाला दिसणार नाही असा लपवला. मग मलाही लपवलं. 'घोंगडीवाली ताई कुठाय?' असं लोक खाली लिहायचे, ते तिला सोसेना. तिने खिळे उपटले, मला प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंबलं आणि माळ्यावर फेकलं.

माळ्यावर मला कसर लागली. एका कोपऱ्यात हाताएवढं भोक पडलं. तीस वर्षं उन्हापावसात काही झालं नाही मला, आणि एका खोट्यापायी सात महिन्यांत किडे पडले. मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो राग मी आजही सोडलेला नाही.

एका सकाळी दार वाजलं. बाहेर हरिबा. डोक्याला पटका, हातात काठी, पायात धुळीने भरलेल्या वहाणा. कळप रहिमतपूरच्या माळावर रंगुबाईवर सोपवून तो रेल्वेने एकटा सांगलीला आला होता. उत्कर्षाने पाणी दिलं. त्याने तांब्या हातात घेतला, पण पाणी प्यायला नाही.

"भाऊसोनी औंदा रान न्हाई दिलं," तो म्हणाला.

"का?"

"त्येंचा पोरगा, वीरधवल. त्यानं तुझ्या घोंगडीकडं बगून वर्गनी दिली. कालिजातल्या अकरा पोरांना बी द्याय लावली. मेंढक्याची घोंगडी हाय म्हनला, खोटी न्हाई व्हायची. आता ती पोरं त्याला तोंड वर काढू देत न्हाईत. भाऊसो मला म्हनले, हरिबा, पैशाचं काय न्हाई, पर एवढी वर्सं ज्या घोंगडीवर बसलो ती तुमच्या नातीनं बाजारात उभी केली. आता मी कशावर बसू?"

उत्कर्षाचा चेहरा पांढराफटक पडला. आणि ऐका, त्या पोरीने काय उत्तर दिलं! म्हणाली, "आज्जा, पन मी घोंगडीवर बसले नव्हते. ती मागं टांगलेली होती."

हरिबाने काठी बाजूला ठेवली. "पोरी," तो म्हणाला, "मेंढरं फुडं असली काय आन् मागं असली काय, राखनारा जबाबदारच की. तू म्होरकी हायस. मागं किती हाईत ते तू रोज मोजत हुतीस. फुडं खड्डा हाय का ते एकदा बी बगितलं न्हाईस. घोंगडी कुटं हाय माजी?"

तिने मला माळ्यावरून काढलं. हरिबाने ते भोक बघितलं, त्यावरून बोटं फिरवली, आणि मला खांद्यावर टाकलं. तो दारापर्यंत गेला तशी उत्कर्षा म्हणाली, "थांब आज्जा. मी बी येते."

रहिमतपूरला पोहोचलो तेव्हा दुपार होती. कळप उघड्या माळावर उभा होता, खायला धड काडी नाही. रंगुबाईने नातीला बघितलं आणि तोंड सोडलं, "आलीस? बग, मेंढरं कशी हुबी हाईत. गेममदी न्हवं, खरी हाईत ही! हेन्ला भूक लागती!" उत्कर्षा थेट भाऊसोंच्या बांधावर गेली. भाऊसो गोठ्याच्या सावलीला उभे होते, वीरधवल पाण्याच्या पंपाशी होता. तिने मला आज्जाकडून मागून घेतलं, बांधावर अंथरलं, आणि चपला काढून माझ्यावर मांडी घालून बसली. रंगुबाईकडून तिने कोकरं झाकायचं डालगं आणलं होतं. ते समोर उपडं घालून त्याला मोबाइल टेकवला आणि व्हिडिओ थेट सुरू केला. लोक बघत असताना, तिथल्या तिथं.

"मी उत्कर्षा," ती म्हणाली. "मागं या घोंगडीसमोर मी म्हणाले होते, 'घाटवाट' मी खेळलेय. मी खेळले नव्हते. मी खोटं बोलले. स्टुडिओनं काय केलं ते त्यांना विचारा. मी काय केलं ते मी सांगतेय. तो व्हिडिओ मी लपवला होता, आजपासून तो परत सगळ्यांना दिसेल. वर लिहिलंय, यातलं बोलणं खोटं आहे. आता ज्याला जे बोलायचं ते बोला. मी इथनं उठणार नाही."

मित्रांनो, लोक काय काय बोलले ते मी इथं सांगू शकत नाही. पण ती प्रत्येक ओळ मोठ्याने वाचत होती. कुणी चोर म्हणालं, कुणी तिची जात काढली, कुणी म्हणालं, आता नाटक कशाला. जात काढणाऱ्याला तिने ठणकावलं, "खोटं मी बोललेय, माझ्या जातीनं नाही. मला बोल." बाकी सगळ्यांना एकच, "बरोबर आहे. माझी चूक." मधेच सौमित्रचा फोन आला. "वेडी झालीस का?" तो ओरडला. "आता लोक आमच्याकडं येतील!"

"येऊ देत. तू पण खाली बस."

त्याने फोन ठेवला. ती हलली नाही. ऊन तिच्या डोक्यावर आलं, मग पाठीवर गेलं. माझी लोकर तिच्या पायांना टोचत होती. मुद्दाम टोचत होते मी, खोटं कशाला सांगू?

शेवटी वीरधवल पंप बंद करून जवळ आला. "ताई," त्याने विचारलं, "त्यो 'हरिबाचा कळप' तरी खरा हुता का?"

"गेममधला नव्हता." तिने माळाकडे बोट केलं. "त्यो बग, तिथं उभा हाय त्यो खरा. आणि तुझ्या त्या अकरा पोरांना मी स्वतः भेटते, उद्या कॉलेजात येऊन. तू खोटा न्हाईस, मी आहे, एवढं त्यांच्यासमोर बोलते."

पोराने मान खाली घातली, पण त्याचा चेहरा सैल पडला. तिच्या मोबाइलची बॅटरी संपली, तशी बांधाभोवती जमलेल्या गावकऱ्यांची कुजबुज ऐकू येऊ लागली. भाऊसो सावलीतून निघाले. ते बांधावर आले, माझ्या कोपऱ्यातलं ते भोक त्यांनी बघितलं, आणि वहाणा काढून माझ्या कडेला टेकले. नीट बसले नाहीत, अर्धेच बसले.

"हरिबा," ते म्हणाले, "औंदा तीन रात्री बसवा. फुडल्या साली फुडचं बगू."

आठ नाही, तीन. हरिबाने कपाळाला भंडारा लावला आणि म्हणाला, "आवं, तीन तर तीन. जेवढं उरलंय तेवढं खरं तरी हाय." रंगुबाईने तोंडाला पदर लावला. मेंढरं रानात शिरली, आणि त्या आवाजाने मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू!

दुसऱ्या दिवशी उत्कर्षा कॉलेजात जाऊन आली. काही पोरं तिच्याशी बोलली, काहींनी पाठ फिरवली. तिच्या चॅनेलवरचे निम्मे लोक सोडून गेले. सौमित्रने अजून बोलणं टाकलं आहे. हे सगळं झालं, आणि ते व्हायलाच हवं होतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

रंगुबाईने मला ठिगळ लावलं. हरिबाने मला परत ठेवून घेतलं नाही. नातीच्या खांद्यावर टाकलं आणि म्हणाला, "ने. पर टांगू नगंस." आता मी तिच्या खोलीत जमिनीवर असते. भिंत मोकळी आहे, आवाज घुमतो, घुमू दे. मागच्या महिन्यात एका नव्या गेमचे साहेब आले होते. पांढरी पँट, हातात चकचकीत मोबाइल. म्हणाले, आमचा गेम अगदी तयार आहे, तुम्ही फक्त दोन शब्द बोला. उत्कर्षाने माझ्यावरची धूळ हाताने झाडली आणि म्हणाली, "या, इथं बसा. बसून सांगा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. मग आपल्या पँटकडे बघितलं. "टोचेल हो ही," ते म्हणाले, आणि उभ्या उभ्याच निघून गेले. त्यांच्यानंतर आणखी दोघे येऊन गेले. आजवर एकही बसलेला नाही.

मित्रांनो, मला कुणी शाल म्हणा, कुणी वास येतो म्हणा, मला फरक पडत नाही. मला ऊन दाखवा, कसर लागू देऊ नका, धुऊन माझा ताठा घालवू नका. आणि घरात माझ्यासारखी एखादी घोंगडी असेल तर तिला शोभेला भिंतीवर चढवू नका. तिला खाली अंथरा, आणि बोलायच्या आधी तिच्यावर बसा.